भुलीच्या आधी

"द्या बाई आता," सिस्टरने दोन्ही हात पुढे केले. पण गंगासागरने संगमेशला आणखीच छातीशी आवळून धरले. दीड वर्षाचे पोर किरकिर करून दमले होते.

"खायला-प्यायला काही दिलं नाही ना?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या खोलीच्या दारातूनच विचारले.

"पान्याचा थेंब बी न्हाई," सासूबाई केसरबाई ठसक्यात म्हणाल्या.

संगमेशला हर्निया होता. आतडे अडकले तर जिवावर बेतेल, म्हणून केजहून सगळे सकाळीच जीपने बीडला आले होते. पण गंगासागरला धास्ती होती ती भुलीची. थोरल्या रुद्राणीच्या तोंडातल्या टाळूला जन्मतःच फट. ती शिवायला दोन वर्षांची होईतो तिला तीनदा भूल दिली होती. आता आठ वर्षांची झाली तरी पोरगी पहिलीतच अडकली होती, आणि तिचे नाकातले बोलणे आईशिवाय कुणाला कळत नसे. भुलीने डोके मारले, असे अख्ख्या पेठेने ठरवून टाकले होते. लोकांचे काय, ठरवायला त्यांचे काही जात नाही. पण हळूहळू गंगासागरलाही ते पटले होते आणि आतून खात होते.

"बाई, खरं सांगा," ती म्हणाली. "ह्याचं डोकं तर मंद व्हनार न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी थापा मारल्या नाहीत. "लहान मेंदूवर भुलीचा काय परिणाम होतो, ते अजून नीट कुणालाच ठाऊक नाही. एकदाच, थोडा वेळ द्यायची आहे. मला तिची भीती वाटत नाही. हर्निया अडकला तर मात्र वाटेल."

"आन् माझी रुद्राणी?"

"ती भुलीनेच अशी झाली, हे मी सांगू शकत नाही. नाही झाली, हेही नाही."

गंगासागरने डोळे मिटून मिठी सैल केली. सिस्टरने पोर घेतले. तेवढ्यात रुद्राणी आईच्या पदराला झोंबली आणि गेंगाण्या आवाजात काहीतरी बोलली.

"थांबा! आजीनं बाळाला पेढा चारला म्हनती ही."

"तिला काय कळतंय?" केसरबाई कडाडल्या. "चार लोकांत कशापायी इज्जत घालवती? नेऊ दे पोराला."

नवरा मन्मथ औषधे आणायला खाली गेला होता. आजवर गंगासागरने सासूचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आणि आता तो मोडायचा, तोही गाव जिला मंद म्हणते तिच्या भरवशावर! तरी तिने सिस्टरच्या हातून पोर हिसकावून घेतले.

"माझी पोरगी खोटं बोलत न्हाई, आत्याबाई. कवा दिला?"

"आगं, येताना मांजरसुंब्याहून कपिलधारच्या देवाला गेलतो न्हवं? प्रसाद हाय त्यो! प्रसादाला कुनी खानं म्हनतंय का?"

म्हातारी खरोखरच गोंधळली होती. तिने लबाडी केली नव्हती. देवाच्या हातचे पोटात गेले तर पोराचे भलेच होईल, एवढेच तिला कळत होते.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "भुलीत उलटी होऊन छातीत गेली असती, तर पोर हाती लागलं नसतं," त्या म्हणाल्या. "आज नको. उद्या करू."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सुखरूप पार पडले. संगमेशने डोळे उघडले, ओठ चाटले आणि कुणाकडेच न बघता छताकडे पाहत राहिला. केसरबाईंनी लगेच हातातली पाटली त्याच्यापुढे हलवली.

"ह्ये काय हाय रं, राजा? सांग. मी कोन?"

रुद्राणीने आजवर हेच सोसले होते. घरच्या दुकानात येणारा जो तो तिला विचारायचा, ही बोटं किती, हा रंग कोणता, आणि गंगासागर श्वास रोखून उत्तराची वाट बघायची. पोरीकडे नुसते मायेने बघायचे राहूनच गेले होते. गंगासागरला स्वतःची लाज वाटली.

तिने सासूचा हात हळूच खाली केला.

"नगा इचारू, आत्याबाई. न्हाई सांगितलं तरी आपलाच हाय."

मग रुद्राणीला पुढ्यात घेऊन ती तिची सुटलेली वेणी घालू लागली. पोरगी काहीतरी लांबलचक सांगत होती. गंगासागर ऐकत होती.