नाकात गाणारी बाई

आमची ठमी माझ्याकडे झोपत नाही, बापाकडे झोपते. एवढं साधं वाक्य तोंडातून काढायला मला तीन आठवडे लागले, आणि तेही कुणापाशी नाही, भांडी विसळताना नळापाशी.

सात महिन्यांची आहे. नऊ महिने पोटात, सात महिने अंगाखांद्यावर, आणि आता संध्याकाळचे सात वाजले की माझ्या मांडीवर तिचं अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. मी थोपटते, ती माझी हनुवटी ओरबाडते. मी गुणगुणते, तर ती तोंडात बोट घालून आवाज कुठून येतोय ते शोधते. पाऊण तासाने मी घामाघूम आणि ती ताजीतवानी. मग नवरा कामावरून येतो. कोपरापर्यंत हात धुतो, दोनदा, कारण तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि ग्रीसच्या हातांनी तिला शिवायचं नाही हा त्याचा स्वतःचाच नियम. तिला उचलतो, आतल्या खोलीत जातो, दार लावून घेतो.

दहा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलंय.

मग दार उघडतं आणि तो चवड्यांवर चालत बाहेर येतो. तोंडावरचं हसू असं, की जणू बंद पडलेल्या लिफ्टमधून अख्खं वऱ्हाड सुखरूप बाहेर काढलंय.

"झोपली?"

"झोपली."

"काय केलंस?"

"काही नाही गं. झोपली."

त्या 'काही नाही'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पाळण्यापाशी जाऊन बघायचे. गाल फुगवून, मूठ कानाशी धरून निजलेली. इतकी गोड, की तिच्यावरही राग यायचा. माझ्याकडे का नाही गं, ठमाबाई? मी काय घोडं मारलंय तुझं?

कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक म्हणतात, किती नशीबवान तू, नवरा पोरीला निजवतो! मी हसायचे. नशीबवान असण्याचा इतका संताप कधी आला नव्हता. त्यात सोमवारपासून मी कामावर परत रुजू होणार होते. मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, लोकांच्या कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवते. दात कुठल्या पांढऱ्यात बसेल हे मला खिडकीच्या उजेडात एका नजरेत कळतं. पहिले पंधरा दिवस तो रजा काढून ठमीपाशी राहणार, मग नणंद दुपारपर्यंत बघणार, असं ठरलं होतं. सगळ्यांची काळजी एकच, पोर आईशिवाय राहील का? माझी काळजी उलटी होती. ती आरामात राहील. मी दार ओढून घेईन आणि तिला पत्ताही लागणार नाही. आणि ही काळजी काळजी म्हणून कुणाला दाखवावी अशीही नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी नणंदेबरोबर औषधांच्या दुकानात गेले, दूध काढायचा पंप घ्यायला. ठमी तिच्या कडेवर. दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं, मी कार्ड दिलं. आमचं दोघांचं मिळून एकच कार्ड आहे. यंत्राने टुकटुक केलं आणि नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा दुकानदाराने ते सदऱ्याला पुसून घातलं, तरी नाही.

"पैसे नाहीत म्हणतंय," तो म्हणाला, बऱ्यापैकी मोठ्याने.

"असं कसं? परवाच पगार झालाय."

"मी देते गं, थांब," नणंदेने पर्स काढली. बाहेर आल्यावर मात्र हळूच चिमटा काढलाच. "माझा भाऊ उधळ्या कधीपासून झाला? बघ बाई, लक्ष ठेव जरा. पोरगी बापाची झालीच आहे, बाप कुणाचा होतोय ते बघ." आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसली. ठमीही हसली. मला सोडून सगळी हसत होती.

घरी येऊन बँकेला फोन लावला. पलीकडे एक शांत मुलगी.

"ताई, पैसे गेलेले नाहीत."

"मग आहेत?"

"घरभाडं गेल्यावर उरलेले आहेत, पण वापरता येणार नाहीत. एका कंपनीने रोखून धरलेत. या कार्डावरून तीन आठवड्यांपूर्वी एका अॅपची मोफत चाचणी सुरू केली होती. तेव्हा कार्ड चालू आहे का बघायला अगदी थोडे पैसे कापून परत दिले होते. आता मोफतची मुदत संपत आली, म्हणून त्यांनी वर्षाची रक्कम आधीच राखून ठेवलीय."

"म्हणजे पैसे आमच्याकडे नाहीत आणि त्यांच्याकडेही नाहीत?"

"हो, मध्ये आहेत."

दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट माझ्या डोळ्यांसमोर आली. "कसलं अॅप आहे?"

"नाव म्हणून नुसती अक्षरं आणि आकडे दिसतायत, ताई. प्रकार संगीत लिहिलाय."

संगीत! माझ्या नवऱ्याचा आणि संगीताचा संबंध एवढाच, की आमच्या लग्नात त्याने बँडवाल्यांना वाट करून दिली होती. तीन आठवड्यांपूर्वी. ठमी त्याच्याकडे झोपायला लागली त्याला बरोबर तीन आठवडे झाले होते. मी उठून आतल्या खोलीत गेले आणि, खोटं कशाला बोलू, झडती घेतली. उशीखाली काही नाही. खिशात एक पाना आणि दोन नट. कपाटाचं दार उघडलं, तर आतल्या बाजूला त्यांच्या कंपनीचं स्टिकर, लिफ्टमध्ये लावतात तसलं. 'पुढील तपासणी' या छापील शब्दांपुढे त्याच्या गिचमिड अक्षरात: 'रविवार. न विसरता बंद करणे.'

काय बंद करणे?

संध्याकाळी तो आला, हात धुतले, दोनदा. तो ठमीला घेऊन आत गेला. दार लागलं. मी चपला काढल्या आणि दाराला कान लावला.

आत एक बाई गुणगुणत होती.

खालच्या पट्टीतला, संथ, जरासा ओला आवाज. शब्द नव्हते. मागे पाऊस पडल्यासारखं काहीतरी. ठमी एकदा कुरकुरली, मग तो ओळखीचा उसासा, जो गेल्या तीन आठवड्यांत माझ्या मांडीवर एकदाही निघाला नव्हता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझी पोर, माझं घर, आणि ही कोण भवानी तिला निजवतेय? नवऱ्याने दुसरी बाई आणली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं. हिच्याशी कसं भांडणार? हिला तर चेहराच नाही.

तो बाहेर आला, ते नेहमीचं हसू घेऊन. मला दारातच उभी बघून ते हसू जागच्या जागी वाळलं.

"चल स्वयंपाकघरात," मी म्हटलं. "मोबाईल घेऊन चल."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मी दुकानातलं सांगितलं, बँकेतलं सांगितलं, स्टिकरचं सांगितलं.

"पण रविवारपर्यंत फुकट होतं!" तो खरोखरच चक्रावला. "मी तारीख लिहून ठेवली होती. रविवारी बंद करणार होतो. आधीच कसे रोखतील?"

"ते तू त्यांना विचार. मला हे सांग, ही बाई कोण?"

"कुठली बाई?"

"जी माझ्या पोरीला निजवते ती! वर्षाचे पैसे मोजून आणलीस ना? निदान बरी तरी आणायचीस. नाकात गाते नुसती."

तो मोबाईलच्या कडेवरून अंगठा फिरवायला लागला.

"प्रत्येक ओळीच्या आधी शिट्टी वाजते तिच्या नाकात. सर्दी झालीय का तिला? आणि मागे तो पाऊस म्हणे. पाऊस कसला, नळ गळतोय. तीन थेंब, मग थांबतो, मग तीन थेंब. असल्या गळक्या स्टुडिओत गाणारीला पैसे? आणि ठमीला तिच्याकडे..." मी ओट्यावरचं फडकं पिळलं. "तिच्याकडे झोप येते, माझ्याकडे येत नाही."

त्याने हात वर करून मला थांबवलं. तेवढ्यात न्हाणीघरातला आमचा नळ गळला. तीन थेंब. मग थांबला. मग तीन थेंब.

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक चंद्र होता आणि त्याखाली: 'माझे आवाज. आई, न्हाणीघर, १.'

"तू आंघोळीला गेलीस की गुणगुणतेस," तो मोबाईलकडे बघत म्हणाला. "तुला माहीतही नसतं. मी बाहेर ठमीला घेऊन फेऱ्या मारायचो आणि दाराशी आलो की ती एकदम जड व्हायची. मान टाकायची. दारापासून लांब गेलो की पुन्हा रडारड. मग एक दिवस मी दाराला मोबाईल लावून उभा राहिलो."

"चोरून?"

"मग काय सांगणार? की माझ्याकडे झोपत नाही म्हणून तुझा आवाज लावतो? आठवतं, पहिले सहा महिने? मी घेतली की किंचाळायची. ताई म्हणायची, दे रे तिला, आईच लागते तिला. माझी आई म्हणायची, दे. तू पण हात पुढे करायचीस, मी अजून बसलोही नसायचो तोवर. मी म्हणजे घरातला हमाल. उचला आणि पोचवा." त्याने कान खाजवला. "वाटलं, पंधरा दिवस मला एकट्याला सांभाळायचंय. एकदा तरी माझ्याकडे झोपू दे."

मी मोबाईल घेतला आणि कळ दाबली. नाकातली शिट्टी, मग ती संथ ओळ. मला अजूनही तो माझा आवाज वाटेना. इतका मऊ आवाज मी स्वतःला कधी ऐकवलाच नव्हता. लहानपणी पडून माझ्या नाकाचं हाड वाकलंय. तीच शिट्टी.

"पण मग माझ्याकडे का नाही झोपत ती?"

"तू समोर दिसलीस की तिला झोपायचंच नसतं," तो म्हणाला, जणू इतकी साधी गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. "उगाच डोळे मिटून तुला घालवायचं कशाला?"

मी ओढणीला डोळे पुसले आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. "अरे, पण हे मोबाईलवर नुसतं रेकॉर्ड करता आलं असतं की. फुकट, कायमचं."

त्याने माझ्या हातातला मोबाईल उलटून पाहिला. बावीस मजल्यांच्या लिफ्टची अख्खी वायरिंग डोळे मिटून सांगणारा माणूस.

"सुचलं नाही," तो म्हणाला. "त्यांनी लिहिलं होतं, खास बाळासाठी आवाज तयार करून मिळेल, फुकट."

दोघांनी मिळून ते अॅप बंद करायला घेतलं. 'राहतो' असं मोठ्या हिरव्या बटणावर, 'जातो' असं खाली मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत. 'जातो' दाबलं, तर रडणाऱ्या बाळाचं चित्र आलं: खरंच सोडून जाताय? पुन्हा दाबलं, तर अर्ध्या किमतीत राहा. पुन्हा दाबलं, तर कारण सांगा. कारणांच्या यादीत 'घरची बाई परत मिळाली' हे नव्हतं. शेवटी पाटी आली: आवाज पुसले जातील, रक्कम दहा दिवसांत मोकळी होईल.

"उतरेल लिफ्ट हळूहळू," तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर एक चापट दिली.

"नवीन रेकॉर्ड करून देऊ का?" मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. "नको. सोमवारी मीच असणार तिच्यापाशी. माझ्याच आवाजात बघू."

रविवारी दुपारी त्याने हात धुतले, दोनदा, आणि ठमीला घेऊन आत गेला. दार लागलं. मी बाहेर सोमवारची पिशवी भरत बसले. पंप, बाटल्या, डबा, कामावरचा एप्रन. आत रडं सुरू झालं. मी उठले, कडीवर हात ठेवला. हे कबूल करायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. रड, माझे बाई. अजून थोडं रड.

मग त्याचा आवाज आला. गाणं तर एकही येत नाही त्याला. त्याने लिफ्टमधल्या बाईची घोषणा लावली, चालीत. "दार बंद होत आहे. पहिला मजला. वर जात आहे. दुसरा मजला. वर जात आहे." सातव्या मजल्यापर्यंत ठमी रडत होती. आठव्याला नुसती हुंदके देत होती. तिथे जोर पुन्हा वाढला.

"अगं," तो आतून हलकेच म्हणाला, "आहेस का बाहेर? आठव्यावर अडकलीय."

मी दार उघडलं नाही. कडीवरचा हात काढला, पिशवीपाशी परत येऊन बसले आणि गुणगुणायला लागले. नाकातली शिट्टी आता मलाही ऐकू येत होती. आतून तो मजले चढत होता, बाहेरून मी. दहाव्याला मी आवाज थोडा उतरवला. बाराव्याला आणखी. चौदाव्याला माझा मलाच जेमतेम ऐकू येत होता. मग मी थांबले, आणि त्याचा एकट्याचा आवाज वर जात राहिला.

विसाव्याला तो चवड्यांवर बाहेर आला.

ठमी नेमकी कोणत्या मजल्यावर झोपली यावरून आमचं अजून भांडण आहे. मी तेरावा म्हणते, तो अठरावा.