दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी शिकवणीची गाडी आहे. माझ्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आहे आणि मला ब्रेक दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्या मॅडमच्या पायाशी. कारखान्यातून मी चारचौघींसारखीच बाहेर पडले होते. दुसरा ब्रेक नंतर गॅरेजमध्ये बसवला आणि माझ्या नशिबी नवशिके आले.

त्यांनी माझे काय हाल केले म्हणून सांगू! क्लच जाळला, गिअर खरडले, फाटकाच्या खांबाला माझा गाल घासला. पण परीक्षा पास झाली की हेच लोक माझ्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारायचे आणि मी विरघळायचे. पुढे नव्या गाड्या आल्या. मला कोपऱ्यात उभं केलं. काचेवर धूळ साचली, येणारे-जाणारे तिच्यात बोटाने नावं लिहू लागले. फार एकटं वाटायचं.

अशात एक काका आले. सोबत त्यांची मोठी लेक होती. काका पूर्वी सामानाची व्हॅन चालवत. एकदा घाईत सिग्नल तोडून त्यांनी एका सायकलवाल्याला उडवलं. त्याचा पाय मोडला. कोर्टाने काकांना शिक्षा केली, लायसन्स गेलं आणि तो गुन्हा त्यांच्या नावापुढे सरकारदरबारी नोंदला गेला. मित्रांनो, अशा नोंदी सगळ्या सारख्या टिकत नाहीत. लहानसहान चूक थोड्या वर्षांनी गळून पडते, मोठीला जास्त वर्षं लागतात, आणि एखादा भयंकर गुन्हा जन्मभर पाठ सोडत नाही. काकांच्या नोंदीची मुदत नुकतीच संपली होती. एका बेकरीच्या मालकीणबाईंना व्हॅनसाठी ड्रायव्हर हवा होता. काकांना फक्त लायसन्सची परीक्षा पुन्हा पास करायची होती.

नव्या गाड्यांची बटणं काकांना उमगेनात, म्हणून मॅडमनी मला बाहेर काढलं. मी हरखून गेले. पण काकांची एक गंमतच होती. चौक आला की ते थांबायचे, आणि थांबूनच राहायचे.

"बाबा, कुणी नाहीये. चला ना," मागून लेक म्हणायची.

"आणि आलं म्हणजे?"

परीक्षेत तेच झालं. मोकळ्या चौकात आम्ही इतका वेळ उभे राहिलो की मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी नापास केलं. काका स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

"सरकारच्या कॉम्प्युटरमधून गेलं गं," ते लेकीला म्हणाले, "माझ्या पायातून जात नाही."

मला रडूच आलं असतं, पण माझ्यातून गळतं ते फक्त ऑइल.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. तिथे त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"अहो मॅडम, पाय खाली घ्या! तुमचा ब्रेक?"

"आज ब्रेक तुमचा एकट्याचा, काका. तुम्हाला गाडी येते. तुम्हालाच त्याचा विसर पडलाय."

काकांनी भीतभीत गिअर टाकला. मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू? थोडं पुढे गेलो, तोच एका गोदामाआडून कुत्रं धावत आडवं आलं. काकांचा पाय वेळेवर पडला, तोही अलगद. मी थांबले. कुत्रं आपल्या वाटेने गेलं, आणि मागून कुणी काही म्हणायच्या आत काकांनी मला पुढे काढलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र कपाळावरचा घाम पुसत होत्या.

पुढच्या परीक्षेत काका पास झाले. बेकरीच्या मालकीणबाई मॅडमना भेटायला आल्या, तेव्हा जरा घुटमळल्या.

"त्यांच्यावर खटला झाला होता म्हणे?"

"झाला होता. त्यांनी शिक्षा भोगली, नोंदीची मुदतही संपली," मॅडम म्हणाल्या. "आता आपण त्यात आणखी किती वर्षं घालायची?"

मालकीणबाईंनी काकांना हाक मारली आणि पर्समधून व्हॅनची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या गाडीचा क्लच जपून दाबा. रस्त्यावर घाई करू नका, त्या सायकलवाल्याचा पाय अजूनही थंडीत दुखतो. पण शिक्षा संपलेला माणूस भेटला, तर त्याला आधी त्याचं आजचं काम विचारा. आमच्या काकांना विचाराल तर ते म्हणतील, "पाव गरम आहेत, लवकर घ्या."