कमरेची शिवण

दुकान दोघा भावांचं. कापायचं काम थोरल्याचं, शिवायचं धाकट्याचं, आणि दोघंही अंगाने भरभक्कम. गिऱ्हाइकं गमतीने म्हणायची, तुमच्या दोघांच्या कपड्यांत तिसऱ्याचं दुकान निघेल. मग धाकटा सासरी जातो म्हणून महिनाभर गेला आणि परत आला तो वजनाने उतरायलाच लागला. वर्षभरात अगदी ओळखू येईना.

"केलंस तरी काय?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही, दादा. मनावर ताबा. जिभेला लगाम घातला की झालं."

आता खरं सांगायला काय धाड भरली होती? सासर कसलं, गडी इस्पितळात होता. ऑपरेशन करून जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की भुकेचं हार्मोन जास्त करून त्याच भागात बनतं, ते आता कमी झालंय. आणि पोट भरल्याचा निरोप देणारी आतड्यातली हार्मोन्स उलट वाढलीत. म्हणून चार घासांत तृप्ती. यात मनाच्या ताब्याचा संबंध येतोच कुठे? पण लोक पाठ थोपटायला लागले आणि त्याला ते गोड लागलं. खरं काय ते एकट्या बायकोला माहीत, ती नुसती डोळे वटारून बघायची.

प्रकरण अंगाशी आलं ते थोरल्याने मनावर घेतल्यावर. त्याने डबा अर्धा केला, मग अर्ध्याचा अर्धा. दुपारी कापड कापताना कात्री खडूची रेघ सोडून जायची. वजन जरासं उतरायचं, अडायचं, पुन्हा चढायचं.

एक दिवस वहिनी उसवलेली पँट घेऊन दुकानात आली. थोरला कापड आणायला गेला होता. "भावोजी, तुम्ही तरी काही युक्ती सांगा त्यांना," ती म्हणाली. "धाकट्याला जमतं ते मला का जमत नाही म्हणाले, आणि ताटावर बसून रडले हो काल."

धाकट्याला तोंड कुठे लपवावं कळेना. नुसतं खाणं तोडणाऱ्याचं शरीर भुकेचं हार्मोन वाढवतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणजे दादा उपाशी राहून आणखी भुकेला होत होता. दोन वाक्यं बोलायची होती. पण जीभ रेटेल तर ना! त्याऐवजी त्याने काय करावं? वहिनीने पायाची शिवण घालायला दिलेली ती पँट घेतली, मागच्या शिवणीत आत दुमडलेलं जादा कापड, ती माया, सोडली आणि कंबर गुपचूप सैल केली. जुन्या टाक्यांच्या खुणा इस्त्रीने दाबून टाकल्या.

थोरला हरखून गेला. पँट घसरते, पँट घसरते, म्हणून दाखवत फिरला. आणि मग कुठलाही शिंपी करील तेच त्याने केलं. पँट आत घ्यायला म्हणून उलटी केली. सैल कंबर शिंपी काय तशीच मिरवणार आहे? जन्म सुईदोऱ्यात गेलेल्या धाकट्याला एवढंही सुचू नये.

थोरल्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. शेवटाला दोरा दोनदा उलटा अडकवायची सवय धाकट्याला त्यानेच लावली होती.

"हा टाका तुझा," तो म्हणाला. "कीव आली माझी?"

मग धाकट्याने मशीनच्या चाकाकडे बघत सगळं सांगितलं. ऑपरेशन, हार्मोन, थाप, सगळं.

"म्हणजे तुला भूकच लागत नाही?"

"लागते, पण नावाला."

"आणि माझी?"

"जेवढं तोडशील तेवढी वाढते, दादा."

थोरला स्टुलावर बसला. "हावरट म्हणून रोज शिव्या घालत होतो रे स्वतःला," तो म्हणाला. "पोरांसमोरसुद्धा."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शाळेतले हेडमास्तर कोट न्यायला आत आले आणि थोरल्याकडे बघून हसले. "काय हो, जरा भावाकडून शिका की!"

धाकटा उठून उभा राहिला. निदान आता तरी सांगायचं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"शिकतोय ना," थोरला त्याच्याआधीच म्हणाला. "फार मनाचा पक्का आहे तो." आणि कोट झटकून त्याने हेडमास्तरांना घालायला धरला.

धाकट्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि तो खाली बसला.