एक किरणसुद्धा येत नाही

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. गडद निळा, कडेला थोडा विटलेला. एके काळी माझ्या जाडीचे घरभर कौतुक होते. आज मी इतका पातळ आहे की वारा आला की फुग्यासारखा फुगतो. हे कसे झाले ते सांगतो. ज्याचा मला जन्मभर अभिमान होता, त्यानेच एका मुलीचा घात होता होता राहिला, या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म याच घरात, शिवणयंत्रावर झाला. घरची आई शिवणकाम करते. वडील तेव्हा बेकरीत रात्रपाळीला होते. रात्रभर पाव भाजून सकाळी घरी येत, तर या खिडकीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर. त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. एकदा भट्टीपुढे डुलकी लागून त्यांनी सगळा माल करपवला, तेव्हा मालकाने शेवटची ताकीद दिली. त्याच दिवशी आईने जाड कापड आणले आणि मागे काळ्या अस्तराचे दोन थर लावले. शिवताना तीन सुया मोडल्या. मी टांगला गेलो आणि वडील सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत ढाराढूर झोपले.

"या पडद्यानं माझी नोकरी वाचवली," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पाहुण्याला चहाआधी या खोलीत आणून, दार लावून, भर दुपारचा अंधार दाखवत. पाहुणे बिचारे अंधारात उभे राहून वा वा करत. मी फुशारून जाई.

पुढे वडिलांना दिवसपाळी मिळाली आणि ही खोली मुलीला देण्यात आली. ती पंधरा वर्षांची. पायाला चाके लावल्यासारखी फिरते म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिला एडीएचडी आहे. म्हणजे तिचे लक्ष एका जागी ठरत नाही, हातात घेतलेले काम अर्धे राहते, आणि मनात आले की ती करून मोकळी होते. डॉक्टरांनी तशी गोळीही दिली होती. खोली देताना वडील तिला म्हणाले होते की माझ्याकडची सर्वांत चांगली वस्तू तुला देतोय. ती वस्तू म्हणजे मी.

मी जीव तोडून काम केले. भिंगरीला रात्री लवकर झोप येत नसे. मग ती पांघरुणाखाली उशी लोटून ठेवी आणि माझ्याआड खिडकीच्या कट्ट्यावर फोन घेऊन बसे. आई दार ढकलून बघे, काळोख आणि पांघरुणाचा उंचवटा पाहून समाधानाने परत जाई. फोनचा सगळा उजेड माझ्या पोटात. मी तोंड शिवून होतो, आणि पडद्याला ते जड जात नाही.

सकाळी तिला उठवायला आईला पाच खेपा घालाव्या लागत. शाळेत तिचे नाव आळशी पडले. रविवारी मात्र वडील चप्पलसुद्धा हातात घेऊन चालत आणि आई म्हणे, झोपू दे पोरीला, आठवड्याची झोप भरून निघेल. बारा वाजले तरी मी एक फट सोडत नसे.

आणि मग तो सोमवार आला. भिंगरी उशिरा उठून, काही न खाता सायकलवर निघाली. दुपारी वडील तिला धरून घेऊन आले. हनुवटीला चार टाके, डावा हात प्लास्टरमध्ये. उभ्या असलेल्या ट्रकवर ती मागून जाऊन आदळली होती. लागू नये तिथे लागले असते तर, हा विचार आजही माझ्याच्याने पुरा होत नाही. वडिलांनी विचारले की ब्रेक का नाही दाबलास.

"ट्रक दिसलाच नाही, बाबा. डोळे उघडे होते, पण मी झोपले होते."

वडिलांनी सायकलच्या कुलपाची किल्ली काढली आणि माझ्या दांडीशेजारच्या खिळ्याला अडकवली. नीट झोपायला लागशील तेव्हा मिळेल, असे म्हणाले. मित्रांनो, सायकल म्हणजे त्या मुलीचा प्राण. चाके फिरू लागली की डोक्यातला गलबला थांबतो, असे ती म्हणे. ती रडली आणि मग हळूच म्हणाली, "मी मुद्दाम जागत नाही. माझा कंपास हरवतो, मोजे हरवतात, तशी झोपपण हरवते. शोधते, सापडत नाही."

दोन दिवसांनी तिघे डॉक्टरांकडे जाऊन आले. तिथे काय झाले ते आईने याच पलंगावर बसून पुन्हा उगाळले, म्हणून मला कळले. डॉक्टर बाईंनी विचारले होते की खोलीत सकाळी उजेड किती येतो. वडील छाती फुगवून म्हणाले होते, "एक किरणसुद्धा येत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवले. मग समजावून सांगितले. अशा बऱ्याच मुलांचे शरीरातले घड्याळ मुळात मागे चालते, सकाळचा उजेड त्याला पुढे ओढतो, आणि रविवारी दुपारपर्यंत झोपले की ते आणखी मागे पडते. दुपारची गोळी भिंगरी विसरून संध्याकाळी घेत होती आणि उशिरा घेतलेल्या त्या गोळीने झोप उडते, म्हणून तिची वेळही त्यांनी बांधून दिली.

वडील माझी कड हातात धरून उभे होते. "मला ज्यानं वाचवलं, त्यानंच..." एवढेच ते बोलले. मी नुसता लोंबकळत राहिलो. इतकी वर्षे ज्या अंगावर ऐट मिरवली, तेच अंग नकोसे झाले.

आईने मला उतरवले आणि अस्तर उसवले. शिवताना तीन सुया मोडल्या होत्या, उसवताना एकही नाही. त्या काळ्या कापडाची तिने पिशवी शिवली आणि स्वयंपाकघरात टांगली. रात्री नऊला तिघांचे फोन तिच्यात जातात. वडिलांचाही, कुरकुरत का होईना.

दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला वडील येत आणि मला बाजूला सारत. रविवार असो की सुट्टी. पहिल्या रविवारी भिंगरी दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. पहिल्या आठवड्यात ढिम्म फरक पडला नाही. झोप येत नसेल तर कुशी बदलत पडू नको, खुर्चीत बसून मंद दिव्यात काहीतरी कर, असे बाईंनी सांगितले होते. ती वहीत चाके काढत बसे. तिसऱ्या आठवड्यात पानावरचे एक चाक अर्धेच राहिले होते, पेन्सिल जमिनीवर आणि ती पलंगावर गाढ झोपलेली. त्यानंतरही काही रात्री वाईट गेल्या, पण कमी. सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघाले.

त्याच आठवड्यात एका सकाळी वडील साडेसहाला आले आणि दारातच थबकले. मी आधीच सरकलेला. पलंग रिकामा. खिळ्यावर किल्ली नाही. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी धावत येऊन खिडकीतून खाली वाकून पाहिले.

अंगणात भिंगरी सायकलची साखळी पुसत बसली होती. किल्ली मांडीवर, कुलूप लागलेले.

"सव्वासहाला आपोआप जाग आली, बाबा. कुलूप नाही उघडलं. तुमच्यासाठी थांबले."

ती थांबली होती. जिला कधी कशासाठी थांबता येत नसे, ती. वडिलांनी डोळे माझ्याच कडेला पुसले आणि म्हणाले, "उघड."

मित्रांनो, पडदा चांगला किंवा वाईट नसतो, तो कोणासाठी आणि कधी ओढला, एवढेच असते. कोणाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या खिडकीत एकदा डोकावून पाहा. आणि उद्या सकाळी आपल्या घरातला माझा भाऊबंद तेवढा बाजूला सारा. त्याला वाईट वाटणार नाही.