तिसरी हाक

तीन वर्षं डोंगर तुडवूनही इन्गूच्या तोंडून सिमची मुळी दिसल्याची ती हाक एकदाही निघाली नव्हती. इन्चॉन शहरातल्या कारखान्यातून उठून आलेला हा जावई प्यो म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून सलत होता. या हंगामातही याला सिम दिसलं नाही तर याने आपली वाट धरावी आणि त्याच्या बायकोने, सुन्येने, बापाकडेच राहावं, असं म्हाताऱ्याने भर जेवणात सांगून टाकलं होतं. सुन्ये मान खाली घालून बापाला भात वाढत राहिली. इन्गूला तेच जास्त लागलं.

सकाळी डोंगराच्या देवापुढे भात आणि दारू ठेवून दोघे चढायला लागले.

"मामा, सिम म्हणजे जिनसेंगच ना? मग सरळ जिनसेंग का नाही म्हणायचं?"

"बाजारात म्हण. इथे बाजार नव्हता तेव्हापासून सिमच आहे. जुन्या वैद्यांच्या पोथ्यांतही हेच." म्हातारा काठीने झुडपं सारत होता. "शिकलेली माणसं मनाला सिम म्हणतात. आमची आई अंगातल्या ताकदीला म्हणायची. सिम उरलं नाही रे पोरा, म्हणायची आणि तरी लाकडं फोडायची."

"मग आपण नक्की काय शोधतोय?"

"तू बायको टिकवायला बघतोयस, जावईबापू. तोंड मिटा आणि खाली बघा."

इन्गूने मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि खाली बघितलं.

ओकच्या सावलीत, पाच पानांच्या पंजांमधून एक ताठ देठ वर आला होता आणि त्यावर लालभडक फळांचा झुपका होता.

"सिम ब्वात्ता!" सिम दिसलं! आवाज दरीभर गेला. "सिम ब्वात्ता!"

हाक तीनदा मारायची असते. ती कानावर पडली की बाकीच्यांनी आहे तिथेच खाली बसायचं, मान खाली घालायची आणि हाक मारणाऱ्याने भोवतालची जागा धुंडाळून 'उठा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. म्हातारा पहिल्याच हाकेला बसला होता. तिसऱ्या हाकेसाठी इन्गूने छाती भरून घेतली, तो वळला आणि थिजला.

म्हाताऱ्याच्या मांडीशी, तापलेल्या दगडावर, चपट्या त्रिकोणी डोक्याचा साप वेटोळं घालून होता. वीतभरही अंतर नव्हतं.

"दोनदाच?" मान खाली घालूनच म्हातारा गुरगुरला. "तिसरी कुठाय?"

"मामा," इन्गू कुजबुजला, "हलू नका. अजिबात हलू नका."

"हलतोय कोण? तिसरी मार. दोन हाकांचं सिम कोणाचंच नसतं."

सापाने डोकं उचललं. इन्गू सिमच्या झाडाकडे पाठ करून एकेक पाऊल टाकत निघाला. हाक अर्धी सोडून सुन्येला आता काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. त्याने लांबूनच आपल्या काठीचं टोक वेटोळ्याखाली सरकवलं. साप काठीवर फटकन तुटून पडला. इन्गूने डोळे मिटून सगळी ताकद लावली आणि काठीसकट त्याला उतारावर भिरकावून दिलं. खाली पाचोळा सळसळला, मग गप्प झाला.

इन्गू तिथेच मटकन बसला.

"गेला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"बसतानाच दिसला."

"मग बसलात कशाला? वेड लागलंय का तुम्हाला? बाजूला व्हायचं होतं!" इन्गू सासऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "काही झालं असतं म्हणजे?"

"हाक पडली होती," म्हातारा म्हणाला. "तुझी होती."

नाक पुसून, कसाबसा उभा राहून इन्गूने तिसरी हाक मारली. ती चिरकी निघाली, अर्ध्यात फाटली.

म्हातारा अजून मान खाली घालूनच बसला होता. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ सदऱ्यात उतरत होते.

"जावईबापू," तो हळूच म्हणाला, "आता उठू का?"