शेवटच्या ओळीआधीचा श्वास

पहिल्याच खोलीत माझी आई गात होती आणि तिच्यासमोर बसलेला माणूस मोबाइलवर कुणाला तरी अंगठा पाठवत होता. माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. ती काही नावाजलेली गायिका नव्हती. एका रिकाम्या सभागृहात, समोर एकच माइक ठेवून तिचं रेकॉर्डिंग झालं होतं; गायला आई, पेटीवर बाबा. तेव्हा त्याला कुत्र्यानंही विचारलं नाही. मग महागडे स्पीकर विकणाऱ्यांना ते कुठूनसं सापडलं, आणि आता या प्रदर्शनात हॉटेलच्या ज्या खोलीत डोकवावं तिथे स्पीकरची परीक्षा आईच्या आवाजावर चाललेली. ही बातमी बाबांना मीच दिली होती. त्यांना घेऊनही मीच आले होते.

बाबांचा उजवा कान केव्हाच गेलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. यंत्र लावून बोललेलं कळतं, गाणं मात्र नुसतं खरखरतं. त्या गाण्याची घरची कॅसेट मशीनने चावून ठेवलीय. कानाच्या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता म्हणाल्या की जे काही ऐकायचं असेल ते आत्ता ऐकून घ्या. बाबांनी एकच गोष्ट मागितली. तिचं ते गाणं एकदा मोठ्या, स्वच्छ आवाजात ऐकायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

यात अवघड काय होतं? अवघड होती या लोकांची रीत. इथे कुणी गाणं ऐकतच नाही. गाणं लावायचं, मिनिटभर माना डोलवायच्या, बटण दाबायचं, पुढचं गाणं. खोल्यांमधले पलंग हलवून गाद्या न्हाणीघरात उभ्या केलेल्या, मधोमध एकच मानाची खुर्ची, आणि त्या खुर्चीसाठी भिंतीला चिकटून उभे असलेले रसिक. ‘खालचे सूर जरा फुगलेत.’ ‘बाई थोड्या डावीकडे उभ्या वाटतात.’ ‘काल दुसरी वायर होती तेव्हा हिचा आवाज जास्त ओला होता.’ आई ओली होती म्हणे. एकाने तर डोळे मिटून जाहीर केलं की आवाजाला कमरेखाली अंगच नाही. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने खुर्ची सोडली. पण बाबा बसेपर्यंत गाणं बदललं होतं.

पाच-सहा खोल्यांत हेच. प्रत्येक ठिकाणी आई दुसऱ्या कडव्यापर्यंत यायची आणि कुणीतरी तिचा गळा दाबायचा. नळ बंद झाल्यासारखा आवाज थांबला की बाबा यंत्राला हात लावून बघायचे, सेल संपला की काय म्हणून. ते बघून मी चिडायचे, आणि चिडले की माझी जीभ सुटते.

सगळ्यात मोठी खोली एका कोटवाल्याची होती. माणसाच्या उंचीचे स्पीकर, अंगठ्याएवढ्या वायरी, त्यासुद्धा गालिच्यावर नाहीत, लाकडी ठोकळ्यांवर निजवलेल्या. येणाऱ्या प्रत्येकाला तो ‘कसं वाटलं’ विचारायचा आणि मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करायचा. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि पूर्ण गाणं लावायला सांगितलं. तो गोड हसून म्हणाला की बाकीचेही लोक थांबलेत. मी म्हटलं, थांबू देत. तो म्हणाला की आम्ही पूर्ण गाणं सहसा वाजवत नाही. गाणं लावायचा टॅब समोरच होता. मी स्वतःच गाणं लावलं, टॅब पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसले. मागे कुजबुज झाली. होऊ दे. माझी लाज मी दुसऱ्या खोलीतच सोडून आले होते.

आवाज मोठा होता. बाबांनी मान वर केली आणि पहिल्या ओळीलाच त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. त्यांना ऐकू येत होतं, खरंच येत होतं. दुसरं कडवं आलं, गेलं, आणि आज पहिल्यांदाच आई त्याच्या पुढे गेली. माझा राग थोडा खाली बसला.

शेवटच्या ओळीआधी आई एक मोठा श्वास घ्यायची आणि बाबा त्या श्वासावर पेटीवर पुढची ओळ उचलायचे. त्यांचं सगळं वाजवणं तसंच होतं, तिच्याकडे न बघता, तिच्या श्वासावर. लहानपणी त्यांचा रियाज चालला की मी आतल्या खोलीत गणितं करत बसायचे. तो श्वास ऐकला की वही मिटायचे, कारण आता आई स्वयंपाकघरात येणार.

ती जागा आली. बाबांची बोटं गुडघ्यावरून वर उचलली गेली आणि थांबली. श्वास आलाच नाही. आधीची ओळ संपली, कोरडी, गुळगुळीत शांतता आली, आणि शेवटची ओळ सुरू होऊन संपूनही गेली. बोटं तशीच हवेत राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोटवाल्याने मोबाइल बाबांच्या तोंडासमोर धरून कसं वाटलं विचारलं.

‘‘माझं मत घेऊ नका,’’ बाबा म्हणाले. ‘‘मला आता ऐकू येत नाही.’’ आणि उठून दाराकडे निघाले.

कोटवाल्याला मी श्वासाबद्दल विचारलं. त्याचा चेहरा खुलला.

‘‘लक्षात आलं तुमच्या? मूळ रेकॉर्डिंगमध्ये फार कचरा होता हो. खुर्चीची करकर, पेटीचा भाता, बाईंचे श्वास. आम्ही सगळं साफ केलंय. आता सगळ्या खोल्यांमध्ये आमचीच प्रत वाजते.’’

कचरा. माझ्या आईचा श्वास कचरा. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. जिवंत माणसं श्वास घेतात हे त्याला माहीत आहे का, इथपासून मी सुरुवात केली आणि त्याच्या ठोकळ्यांपर्यंत पोचले. टॅब काढून त्याच्या हातावर आपटला. रसिक मंडळी गालिच्याकडे बघत उभी होती. मूळ प्रत कुठे आहे विचारलं, तर ती ठेवली नाही म्हणाला.

बाबा लिफ्टशेजारच्या बाकावर बसले होते, यंत्र काढून मुठीत धरून. मी ते परत कानात घातलं आणि त्या लोकांनी काय केलंय ते ओरडून सांगितलं. बाबांनी मान हलवली, माझ्या लेकाने पडून आल्यावर ‘लागलं नाही’ म्हटलं की मी हलवते तशी.

‘‘माझं मन राखू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘कान गेला. तिचा श्वास मला आला नाही म्हणजे गेलाच.’’

त्या कोटवाल्याने आईचा श्वास नेला होताच, आता बाबांचा उरलासुरला कानही तो घेऊन चालला होता. मी यंत्र पुन्हा काढलं आणि त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं. मला गाता येत नाही. आधीच्या ओळीचं शेपूट कसंबसं गुणगुणले आणि आई घ्यायची तसा श्वास घेतला. रागाने छाती धपापत होती, त्यामुळे तो मोठाच आला.

बाबांच्या कपाळाला आठी पडली.

‘‘लवकर घेतलास,’’ ते म्हणाले. ‘‘ती शब्द पुरा सोडायची, मग घ्यायची. परत घे.’’

लिफ्टमधून माणसं बाहेर येऊन आमच्याकडे बघत होती. मी परत गुणगुणले, शब्द पुरा सोडला आणि श्वास घेतला. बाबांची बोटं माझ्या मनगटावर खाली आली.