किती बोटं?

सिस्टरने कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने दक्षाच्या उजव्या पापणीवरची पिवळी खपली अलगद सोडवली, तेव्हा संगिताने मान भिंतीकडे वळवली.

"अहो ताई, इकडे बघा जरा. पोरीचं डोकं नीट धरा."

संगिताने डोकं धरलं, पण बघितलं नाहीच. सवयच लागली होती! गेले कितीतरी दिवस घरातल्या कुणीच लेकीच्या त्या डोळ्याकडे बघितलं नव्हतं. आधी सर्दी झाली, मग डोळा सुजला आणि नणंदेने, चिमीने, लगेच जाहीर करून टाकलं की डोळे आलेत. आलेल्या डोळ्यांत बघितलं की बघणाऱ्याचेही येतात, हे तलासरीकडच्या त्यांच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. संगिताच्या नवऱ्याने, अमृतने, डहाणू रोडवरून काळा चष्मा आणला. सात वर्षांची दक्षा तो घालून ऐटीत मिरवायला लागली, झोपतानाही काढेना. सगळे तिच्याशी तोंड फिरवून बोलत. ताप चढला, डोळा फिरवला की दुखतं म्हणून ती रडायला लागली, तेव्हा कुठे संगिताने चष्मा काढला. आतून कुणी ढकलल्यासारखा डोळा पुढे आला होता.

"हे डोळे येणं नाही," काल डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते. "नाकाच्या बाजूचा पू डोळ्याच्या मागे गेलाय. सलाईनमधून औषध देतोय. पण नजर कमी व्हायला लागली तर थांबायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलात नेऊन लगेच ऑपरेशन. नाहीतर डोळा जाईल."

हे सगळं पोरीच्या उशाशी उभं राहून. तिलाही कान आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

खपली निघाली आणि डॉक्टर आले. त्यांनी सुजलेली पापणी दोन बोटांनी वर उचलली.

"डावा डोळा झाक, बाळा. किती बोटं?"

दक्षाने डाव्या डोळ्यावर आपला पंजा ठेवला. "तीन."

"आता?"

"एक."

"शाब्बास! नजर चांगली आहे. औषध चालू ठेवू, संध्याकाळी परत बघतो."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. अमृतच्या जिवात जीव आला. "घरी सांगतो," म्हणत तो मोबाइल घेऊन रेंज शोधायला बाहेर पळाला.

संगिताही हसणार होती. पण दक्षाचा पंजा अजून तोंडावरच होता, आणि मधल्या दोन बोटांच्या फटीतून तिचा डावा डोळा डॉक्टरांच्या पाठीकडे टकामका बघत होता.

छे! एवढ्याशा पोरीला बोटं नीट मिटता येत नसतील. डॉक्टरांना कळलं नसतं का? संगिताने चादर सारखी केली. मग उशी सारखी केली. तिला बघायचं नव्हतं, खरं सांगायचं तर अजिबात नव्हतं. शेवटी ती खाटेच्या कडेवर बसली. एका हाताने लेकीचा डावा डोळा घट्ट झाकला, दुसऱ्या हाताने उजवी पापणी वर उचलली आणि त्या लालभडक डोळ्यात सरळ बघितलं.

"किती बोटं?"

"दोन."

संगिताचे दोन्ही हात दक्षाच्या तोंडावर होते. बोटं दाखवायला तिला तिसरा हात नव्हता.

"नीट सांग गं, राणी."

"चार?" दक्षाने आईचा पदर धरला. "आई, डॉक्टरांना नको ना सांगू. ते कापतील."

संगिताने तिला गच्च छातीशी धरलं. मग ती अशी ओरडली, की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"डॉक्टर! अहो डॉक्टर, परत या!"

या वेळी डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर कापसाची जाड घडी दाबली. टॉर्च मारला, पुन्हा मारला. त्यांचा चेहरा उतरला. "एकशे आठला फोन लावा," ते सिस्टरला म्हणाले, आणि संगिताकडे वळले. "अजून वेळ गेलेली नाही, ताई. पण आता थांबायचं नाही."

तेवढ्यात अमृत दारातून आत आला, चेहरा फुललेला.

"चिमीला सांगितलं. पोरीला दिसतंय म्हटल्यावर रडायलाच लागली बिचारी."

"नाही दिसत तिला," संगिता म्हणाली. "गाडी येतेय. तुम्ही तिला उचलून घ्या."